कागदावर डावा

मी उजवा पाय बोलतोय. माझ्या अंगठ्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'डावा' असं लिहिलं आहे, पण तिच्याकडे आत्ता लक्ष देऊ नका. ती तिथे कशी आली हेच तर मला सांगायचं आहे. सांगायला वेळही भरपूर आहे. मी ज्या भांडारात पडलोय तिथे फारसं कुणी फिरकत नाही, आणि जो येतो तो मोजतो आणि जातो.

मी लाकडाचा आहे. हाडामांसाचा असल्याचा आव मी कधीच आणला नाही. सैन्याच्या इस्पितळामागे एक पत्र्याची कार्यशाळा होती, तिथल्या मिस्त्रीने मला एका हलक्या ओंडक्यातून कोरून काढलं. वरच्या टोकाला गुडघ्याखालचा उरलेला पाय बसेल अशी खोबण केली, तिला आतून मऊ कातडं लावलं, मांडीला आवळायला पट्टे जोडले. खाली पाऊल केलं. खरं तर बुटात जायच्या पावलाला बोटं कशाला हवीत? पण या मिस्त्रीला चैन पडेना. त्याने पाचही बोटं कोरली आणि अंगठा तर असा ठसठशीत काढला की अंधारात चाचपूनही कुणी सांगावं, हा उजवा पाय आहे.

ज्याच्यासाठी मला घडवलं तो सैनिक तेव्हा ऐन पंचविशीत होता. त्याचा उजवा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखाली काही उरलं नाही. पहिल्यांदा लाकडी पाय बांधला की बहुतेक माणसं रडतात, नाहीतर घाईने चालायला जाऊन आपटतात, असं मिस्त्री सांगायचा. हा गडी कठडा धरून उठला, कठडा सोडला, टाचा जुळवल्या आणि छाती काढून सावधान उभा राहिला.

"अहो, चाला की आता!" मिस्त्री म्हणाला.

"चालेन. आधी नीट उभं राहता येतं का ते बघू दे."

मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला. लाकडाला अभिमान वाटतो का, असं विचारू नका. मला वाटला.

पुढे त्याला सैन्यातून मोकळं करायचा दिवस आला. एका लांबलचक खोलीत रांग होती. रांगेच्या टोकाला टेबल, टेबलामागे एक कारकून आणि त्याच्यापुढे कागदांची चळत. प्रत्येकाला सेवामुक्तीचा दाखला लिहून द्यायचा होता. हा माणूस अमुक काळ सैन्यात होता, त्याला अमुक इजा झाली, आणि त्या इजेपोटी त्याला पुढे काय काय मिळत राहील, ते सगळं त्या एका कागदावर.

इजा कुठे आहे हे दाखवायला इस्पितळाच्या कागदावर माणसाची एक आकृती छापलेली असायची. जिथे इजा, तिथे डॉक्टरने फुली मारायची. डॉक्टरने फुली बरोबर मारली होती. आकृती आपल्याकडे तोंड करून उभी आहे असं धरून, तिच्या उजव्या पायावर. पण समोर उभ्या माणसाचा उजवा पाय बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. कारकुनाने कागदाच्या डाव्या बाजूला फुली पाहिली आणि दाखल्यावर लिहून टाकलं, 'डावा पाय, गुडघ्याखाली.' त्या आकृतीला नाकडोळे असते तर कदाचित त्याच्या लक्षात आलं असतं, पण नुसतीच बाहेरची रेघ होती. ती आपल्याकडे बघतेय की पाठ फिरवून उभी आहे हे कळायला मार्ग नव्हता.

आणि ज्याचा पाय गेला तो माणूस त्याच्या पुढ्यात उभा होता. कारकुनाने मान वर केली असती तरी पुरे होतं.

"सही करा. पुढचा कोण?"

सैनिकाने सही केली. मागे रांग खोळंबली होती, आणि सही करा म्हटलं की सही करायची, हेच त्याला इतकी वर्षं शिकवलं होतं. सहीच्या वर छापलं होतं, 'वरील मजकूर वाचून समजून घेतला आहे.'

घरी परतल्यावर त्याला एका गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याचं काम मिळालं. मालाची गाडी आली की फाटक उघडायचं आणि गाडी आत जाईपर्यंत सावधान उभं राहायचं. गाडीत सिमेंटची पोती असोत नाहीतर मोडक्या खुर्च्या, सगळ्यांना मान सारखाच. गल्लीतल्या लोकांनी त्याचं नाव 'सावधानराव' ठेवलं. आधी चेष्टेने ठेवलं, मग तेच तोंडात बसलं. मीही आता त्यांना सावधानरावच म्हणेन, आणि अहोजाहो करेन. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. काकूंची जीभ तिखट. पण सकाळी माझे पट्टे आवळायला त्याच खाली बसायच्या आणि "फार घट्ट झालं का रे?" असं विचारायच्या. नवऱ्याला त्या अरेतुरे करत नसत, तेव्हा तो प्रश्न मलाच असायचा.

नियम असा होता की काही वर्षांनी जुना पाय बाद धरायचा आणि सरकारने नवा पाठवायचा. पहिलं खोकं आलं तेव्हा मी मनातून धास्तावलो. नवा आला म्हणजे माझी रवानगी माळ्यावर. काकूंनी खोकं उघडलं, भुसा झटकला, नवा पाय हातात उभा धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अहो, हा डावा आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. माझे दोन्ही आहेत, मला कळतं."

सावधानरावांनी ट्रंकेतून दाखला काढला. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी तो पुरता वाचला. वाचून ते हसले. ते हसू माझ्या चांगलं लक्षात आहे, कारण त्यानंतर त्या कागदाकडे बघून ते कधी हसले नाहीत.

"किरकोळ चूक आहे," ते म्हणाले. "एकच शब्द तर बदलायचाय. उद्या जाऊन येतो."

नोंदींची कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर होती. पाय गेलेल्या माणसांची कामं तिसऱ्या मजल्यावर ठेवायची अक्कल कुणाची होती, देव जाणे. प्रत्येक पायरीवर मी 'ठक' वाजत गेलो. वर एक चष्मेवाला कारकून बसला होता. चष्म्याची एक काडी मोडलेली, दोऱ्याने बांधलेली. माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग फाईल उघडली.

"कागदावर डावा आहे," तो म्हणाला. "म्हणजे डावा."

"अहो साहेब, डावा हा काय!" सावधानरावांनी डावा पाय जमिनीवर आपटला.

"दिसतोय की मला. पण मला दिसून काय उपयोग? फाईलला दिसायला हवा."

तेव्हा सावधानरावांनी विजारीचा पाय वर सारला, पट्टे सोडले, मला काढलं आणि त्याच्या टेबलावर उभं केलं. मला वाटलं, चला, झालं काम. माझ्याकडे बघूनही ज्याला पटणार नाही असा माणूस असेल कसा?

"आधी हे खाली घ्या," चष्मेवाला म्हणाला. "टेबलावर फक्त कागद ठेवायचे असतात." मग जरा नरमाईने, "हे बघा दादा, सही तुमचीच आहे ना? वाचून समजून घेतलंय, असं लिहिलंय वर. मग मी साहेबांना काय सांगू? अर्ज करा. होईल."

अर्ज केला. होईल होईल म्हणता म्हणता सावधानरावांचे केस पिकले. एक अर्ज हरवला. तो सापडला तेव्हा जुना झाला म्हणून नवा मागितला. नव्यावर ज्याची सही हवी त्याची बदली झाली. आम्ही खेटे घालत राहिलो, आणि चष्मेवाला दरवेळी पाणी मागवत राहिला. दरम्यान दुसरा डावा पाय आला. पुढे तिसराही आला. बरोबर काम करायला कचेरीला सवड नव्हती, पण चुकीचं काम ती अगदी वेळेवर करायची. ते पाय परत पाठवावेत तर तीही सोय नव्हती. डाव्याला डावा दिलाय, मग परत कशासाठी?

तिघे कपाटावर ओळीने पडून असत. एकदा काकूंनी त्यातला एक दाराला टेकण म्हणून लावला, तर सावधानराव खवळले.

"सरकारी मालमत्ता आहे ती!"

"मग सरकारला सांगा, दार वाजतंय तुमच्या मालमत्तेवाचून."

पण त्यांनी तो उचलून पुन्हा वर ठेवला. दर महिन्याला ते तिघांना खाली काढायचे, फडक्याने पुसायचे, कातड्याला तेल लावायचे, आणि मग माझी पाळी यायची. ते सावत्र भाऊ एक पाऊलही न चालता चकाकत राहिले आणि मी झिजत गेलो. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा.

मी खरंच पार झिजलो होतो. टाच घासून बसली होती, घोट्यापाशी चीर गेली होती, आतलं कातडं फाटून खोबण सैल झाली होती. मला घडवणाऱ्या मिस्त्रीने तोवर इस्पितळ सोडून आमच्याच भागात दुकान थाटलं होतं. तो पत्र्याच्या पट्ट्या ठोकून मला कसाबसा चालता ठेवायचा. "दादा, मी करून देतो की नवा," तो दरवेळी म्हणायचा. काकूही पाठीस लागायच्या. सावधानराव ऐकतील तर शपथ.

"माझा पाय त्यांच्या कामात गेलाय. तो त्यांनीच द्यायचा. आणि मी विकत घेतला ना, तर ते म्हणतील, बघा, याचं आमच्यावाचून काही अडलं नव्हतं."

"बरं. मग हट्टाचा पाय बांधा आणि चाला," काकू म्हणायच्या, आणि खाली बसून माझेच पट्टे आवळायच्या.

अखेर एकदा बोलावणं आलं. वैद्यकीय मंडळ तपासणी करणार होतं. सावधानरावांनी शर्टाला कडक इस्त्री केली, बूट चमकवले, माझ्या चिरेवरूनही पॉलिशचं बोट फिरवलं. मंडळात तीन डॉक्टर होते आणि त्यांच्यापुढे कचेरीने पाठवलेला कागद होता. 'अर्जदाराच्या डाव्या पायाची तपासणी करून अहवाल द्यावा.'

त्यांनी डावा पाय तपासला. गुडघा वाकवून पाहिला, बोटं हलवायला लावली, तळव्याला टोचून पाहिलं. सावधानराव सांगत होते, "साहेब, उजव्याचं बघा, उजव्याचं." "हो हो, तुम्ही पडून राहा," असं ते म्हणत होते. मी काढून ठेवलेला, जमिनीवर आडवा होतो. त्यातल्या एकाचा बूट मला लागला तेव्हा तो "सॉरी" म्हणाला. म्हणजे मी त्याला दिसलो होतो.

अहवालात लिहिलं होतं, 'डावा पाय पूर्णपणे शाबूत आढळला.' उजव्याबद्दल चकार शब्द नाही, कारण उजव्याबद्दल विचारलंच नव्हतं. पाठोपाठ कचेरीचं पत्र आलं. डावा पाय शाबूत असताना आपण तीन वेळा कृत्रिम पाय का स्वीकारलात, याचा लेखी खुलासा करावा.

सावधानरावांनी ते पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग हळूच खाटेवर बसले.

"म्हणजे मी चोर?"

"चोरायचाच असता तर उजवा नसता का चोरला?" काकू म्हणाल्या. बोलल्या फणकाऱ्याने, आणि पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं.

खुलासा लिहून पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. डावे पाय यायचे तेवढे बंद झाले.

त्यानंतरचं सांगायला मला जड जातं. माझी खोबण सैल, त्यामुळे माझ्यावर भार टाकला की मी हलायचो. साहजिकच सगळा भार डाव्या पायावर, त्या खऱ्या, हाडामांसाच्या पायावर पडायचा. सावधानरावांच्या रक्तात तोवर साखर वाढली होती. डाव्या टाचेला फोड आला. बुटात दिसत नव्हता आणि हा गृहस्थ कुणाला सांगत नव्हता. गाडी आली की उठून सावधान. फोडाची जखम झाली, जखम चिघळली. मोजा पायाला चिकटला तेव्हा कुठे काकूंना कळलं. इस्पितळात नेलं तोवर उशीर झाला होता. डावा पायही गुडघ्याखाली कापावा लागला.

तो पाय माझा जोडीदार होता. तो माणसाचा, मी झाडाचा, पण एवढी वर्षं आम्ही आळीपाळीने पाऊल टाकलं. तो पुढे गेला की मी त्याच्या मागोमाग, मी अडखळलो की तो सावरून घ्यायचा. काकू इस्पितळातून मला एकट्याला पिशवीत घालून घरी घेऊन आल्या, तेव्हा मला पोरकं वाटलं. आणि त्या कारकुनाचा, त्या आकृतीचा, त्या तीन डॉक्टरांचा एवढा संताप आला की लाकूड असून मी पेट घेतला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

सावधानराव खिडकीपाशी खुर्चीत बसून राहू लागले. जेवायचे, झोपायचे, कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. रस्त्यावर मालाची गाडी वाजली की त्यांचे खांदे आपोआप ताठ व्हायचे. मग त्यांना आठवायचं आणि खांदे खाली यायचे. उभं राहणं हेच त्या माणसाचं सगळं होतं. पायांशिवाय बसून जगणारी माणसं मी पाहिली आहेत, हसतखेळत जगतात. सावधानरावांना ते जमेना.

जखम भरत आली तोच एके दिवशी दारात खोकं आलं आणि खोक्यावर लखोटा. सावधानरावांनी काकूंना मोठ्याने वाचायला सांगितलं. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. मूळ आकृती पाहता फुली उजव्या पायावर असल्याचे आढळून आले. सबब, सेवामुक्तीच्या दाखल्यात "डावा" याऐवजी "उजवा" असे वाचावे. सोबत उजवा पाय पाठवला आहे. यापूर्वी चुकीने दिलेले डावे पाय, नग तीन, परत जमा करावेत.'

ती आकृती पहिल्या दिवसापासून त्याच फाईलमध्ये होती. कुणीतरी आता ती उघडून पाहिली, एवढंच झालं होतं.

काकू तशाच उठल्या आणि कचेरीत गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, पदराने तोंड पुसत, थांबत थांबत. चष्मेवाला आता निवृत्तीला टेकला होता. त्याने पाणी मागवलं. डावाही पाय गेल्याचं ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं.

"बाई, जरा आधी कळवलं असतंत तर आम्ही दुरुस्ती केलीच नसती," तो म्हणाला. "जुना कागद आता बरोबर होता की!"

"मग आता डाव्याचंही लिहा. दोन्ही गेलेत."

"ते कसं लिहू? डावा सैन्यात गेला नाही, घरी गेला. त्याचा आमच्याशी संबंध येत नाही. कागदावर त्यांचा डावा पाय शाबूत आहे."

"आणि ते तीन? पडूनच आहेत घरात. एक तरी राहू दे."

"ते चुकीने दिलेत ना? चूक दुरुस्त झाली, म्हणजे ते परत यायलाच हवेत. आमचा भांडारातला माणूस येईल न्यायला."

दुसऱ्या दिवशी काकू मिस्त्रीला घेऊन आल्या. तो आता पुरता म्हातारा झाला होता. नवा उजवा पाय बांधून पाहिला, ठीक बसला. मग काकूंनी स्टुलावर चढून कपाटावरचा एक डावा खाली काढला.

"नको," सावधानराव म्हणाले. "तो परत द्यायचाय."

"देऊ की. बांधून बघायला काय हरकत आहे? आलाय तर तुमच्याच नावाने."

मिस्त्रीने खोबण थोडी खरवडली, कातडं बदललं, पट्टे जोडले. मग दोन्ही बाजूंनी दोघांनी धरलं आणि सावधानराव उठले. त्यांनी एकेक करून दोघांचे हात सोडले. टाचा जुळल्या. छाती पुढे आली. मिस्त्री या वेळी "चाला की" म्हणाला नाही. तो तोंड फिरवून पटाशी शोधत बसला.

मी हे खाटेखालून पाहिलं. माझे पट्टे काढून माझ्याशेजारीच टाकले होते. ज्या सावत्र भावांचा मी एवढा राग केला त्यांतला एक माझ्या मालकाला पेलून उभा होता, आणि मला काय वाटलं ते विचाराल तर, जळफळाट झाला. मग तोही गेला. ते उभे होते, बस.

आठवडाभर ते रोज थोडं थोडं चालले. खाटेपासून दारापर्यंत, मग दारापासून पायरीपर्यंत. आणि मग भांडारातला माणूस आला.

थकलेला, घामेजलेला, हातात गोणपाट. त्याने खिशातून तीन चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. कचेरीतूनच लिहून आणलेल्या, तिन्हींवर 'डावा'. सावधानराव खुर्चीत बसले होते, मांडीवरून खाली पायघोळ चादर. काकूंनी कपाटावरचे दोन पाय आणून ठेवले. त्याने दोन चिठ्ठ्या बांधल्या.

"तिसरा?"

मग सावधानरावांनी सुस्कारा टाकला, चादर बाजूला केली आणि डाव्या पायाचा पट्टा सोडायला वाकले. शेवटी सरकारी मालमत्ता ती. ज्या माणसाने न वापरलेल्या पायांना वर्षानुवर्षं तेल लावलं तो दुसरं काय करणार?

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि चादर पुन्हा खाली ओढली. "थांबा. तिसरा खाटेखाली आहे."

त्या खाली बसल्या, हात घालून मला ओढून काढलं, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला नेऊन त्या दोघांच्या शेजारी ठेवलं.

सावधानरावांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय म्हणणार. अर्धं आयुष्य ते हेच तर म्हणत आले होते, डावा नाही, उजवा. कागदावरची एक चूक खपवून घ्यायची नाही म्हणून त्यांनी तिसऱ्या मजल्याचे जिने झिजवले, मला झिजवलं, आपला एक पाय घालवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

भांडारवाल्याने मला उचललं. "हा बराच वापरलेला दिसतोय."

"पाय वापरायलाच देता ना?" काकू म्हणाल्या.

त्याने मला उलटसुलट फिरवलं. त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावरून गेला आणि तिथेच थांबला. त्याने पाऊल निरखलं, मग चादरीखालून डोकावणाऱ्या दोन बुटांकडे पाहिलं, मग सावधानरावांच्या चेहऱ्याकडे.

"बाई, हा तर..."

"कागदावर काय आहे?" काकूंनी विचारलं.

"डावा."

"मग? कागदावर डावा, म्हणजे डावा."

मग त्याने तिसरी चिठ्ठी घेतली आणि माझ्या अंगठ्याला बांधली, चांगली दोन गाठी मारून. पावतीचा कागद त्याने सावधानरावांपुढे धरला. "वाचून सही करा."

सावधानरावांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट फिरवत शब्द न् शब्द वाचला. कृत्रिम पाय, डावा, नग तीन. वरील मजकूर वाचून समजून घेतला आहे. मग त्यांनी सही केली.

मला गोणपाटात घातलं. आत अंधार होता, मला काही दिसलं नाही. पण तो माणूस उंबऱ्यापाशी पोचला तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग दोन टाचा एकमेकींवर आपटल्याचा. गोदामाच्या सिमेंटसाठीही ते उभे राहायचे, हे मी विसरलो नाही. तरी त्या दिवशी ते माझ्यासाठी उभे राहिले असं मी धरून चाललो आहे. तेवढा हक्क मी कमावलाय.

तेव्हापासून मी इथे, या लोखंडी मांडणीवर आहे. शेजारी दोघे सावत्र भाऊ. जन्मात एक पाऊल चालले नाहीत बिचारे. मी त्यांना पायऱ्यांबद्दल सांगतो, फाटकाबद्दल सांगतो, सकाळी पट्टे आवळणाऱ्या हातांबद्दल सांगतो. बाहेर पाय नसलेली माणसं अर्ज घेऊन जिने चढत असतील आणि आत आम्ही तिघे धूळ खातोय, हे मनात आलं की माझं डोकं फिरतं. मी कडवट आहे, नाकारत नाही. माझ्या जागी असता तर तुम्हीही झाला असता.

अधूनमधून इथे तपासणी होते. कधीतरी एखादा डोळस माणूस येईल, चिठ्ठी वाचेल, माझा अंगठा पाहील आणि म्हणेल, अरे, हा तर उजवा, नोंद चुकली आहे. त्याने मान वर करून पाहिलं याचा मला आनंदच होईल. असा कुणी यावा म्हणून आम्ही आयुष्यभर वाट पाहिली. पण बाबा, तू फार उशिरा आलास. आता काही करू नकोस. लेखणी खिशात ठेव आणि पुढच्या मांडणीकडे जा. माझी नोंद दुरुस्त झाली तर तिसरा डावा पाय शोधायला कुणीतरी गोणपाट घेऊन त्या घरी जाईल, आणि तो तिथे कुणाच्या तरी अंगाखाली उभा आहे. मी उजवा आहे, हे मी तुम्हाला सांगितलं, तेवढं मला पुरे. कागदावर मला डावाच राहू द्या.